नाळेतलं रक्त साठवावं का? सिकलसेलच्या घरातून आलेल्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या एका ताईंना सातवा महिना लागलाय. पहिला मुलगा सहा वर्षांचा, सिकलसेलग्रस्त (लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक रक्तविकार), म्हणजे एसएस पॅटर्नचा, दोष आईवडील दोघांकडून आलेला. आईवडील दोघेही वाहक, एएस, म्हणजे दोष एकाच बाजूनं आलेला, स्वतःला आजार नाही. सोनोग्राफीला गेल्या तेव्हा दवाखान्यात एका खासगी कॉर्ड ब्लड बँकेचा प्रतिनिधी भेटला. 65 हजारांत बाळाच्या नाळेतलं रक्त आयुष्यभर साठवून ठेवू, 80 आजारांपासून संरक्षण मिळेल, थोडे वर भरले तर नाळेचा तुकडाही ठेवू, असं त्यानं सांगितलं. दिरांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर परिणाम करणारा आजार) आहे आणि त्याला एका 'स्टेम सेल सेंटर'नं इंजेक्शनं सुचवली आहेत. सासूबाईंचे गुडघे गेलेत. ताईंचं म्हणणं, या रक्तानं आमच्या घरात नेमकं कुणाचं काय बरं होईल, ते एकदा सरळ सांगा.

सरळच सांगतो. ताई, तुमच्याकडे नाळेतलं रक्त ठेवण्याचं एक पक्कं कारण आहे, आणि नेमकं तेच त्या प्रतिनिधीच्या बोलण्यात आलेलं दिसत नाही. ते कारण म्हणजे तुमचा मोठा मुलगा. जन्माला येणाऱ्या बाळाच्या स्वतःच्या भविष्यासाठी म्हणून पैसे भरू नका. दिरांच्या मुलासाठी भरू नका. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तर मुळीच नको. मोठ्यासाठी ठेवायचं असेल तर आधी तुम्हा तिघांची एक रक्ततपासणी आणि डॉक्टरांची एक भेट, मग करार. हा क्रम उलटा झाला की पैसे जातात आणि हाती पिशवी उरते.

आता हे असं का, ते नीट मांडतो. मी रक्तविकारांचा डॉक्टर आहे, विदर्भातली सिकलसेल आणि थॅलेसेमियाची मुलं हे माझं रोजचं काम. त्यामुळे माझं मत त्या बाजूनं झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा.

बाळ जन्मलं, नाळ लगेच कापली, की वारेत आणि नाळेत साधारण 80 ते 100 मिलिलिटर रक्त उरतं. पूर्वी ते वारेबरोबर टाकून देत. या रक्तात रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, भरपूर असतात, एरवी ज्या हाडांच्या मगजात सापडतात त्याच. त्या शिरेतून दिल्या की आपली वाट शोधत मगजात जाऊन बसतात आणि नवीन लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट तयार करू लागतात. पहिल्यांदा हे 1988 साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात झालं. डॉ. एलियान ग्लुकमन यांच्या पथकानं फॅन्कोनी अॅनिमिया हा जन्मजात रक्तविकार असलेल्या एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं आणि मुलगा बरा झाला. यातली एक गोष्ट लक्षात घ्या. रक्त बहिणीचं होतं, भाऊ आजारी होता. त्यानंतर जगभरात 40 हजारांहून जास्त अशी प्रत्यारोपणं झाली, आणि त्यातली जवळपास सगळी दुसऱ्याच्याच रक्तानं. कधी भावंडाच्या, बहुतेक वेळा सार्वजनिक बँकेतून आलेल्या, नावही माहीत नसलेल्या बाळाच्या.

'80 आजार' ही यादी त्यामुळे खोटी नाही, अर्धवट आहे. यादीत ल्युकेमिया आहे, थॅलेसेमिया आहे, सिकलसेल आहे, अप्लास्टिक अॅनिमिया आहे, जन्मजात प्रतिकारशक्तीचे दोष आहेत, हर्लर सिंड्रोम, क्राबे यांसारखे चयापचयाचे दुर्मीळ आजार आहेत. पण यातले बहुतेक जन्मजात आजार जनुकांत लिहिलेले असतात. बाळालाच पुढे सिकलसेल निघाला तर त्याच्या नाळेतल्या प्रत्येक मूळ पेशीतही तोच दोष असणार. किडकं बियाणं जपून ठेवलं म्हणून पुढच्या हंगामाला पीक निरोगी येत नाही. बालपणीच्या ल्युकेमियाचंही तसंच. अनेक मुलांमध्ये त्या आजाराची सुरुवातीची खूण जन्माच्या वेळच्या रक्तातच सापडते, म्हणून मुलाचं स्वतःचं साठवलेलं रक्त त्यालाच परत द्यायला आम्ही धजावत नाही. शिवाय दुसऱ्याच्या पेशी उरलेल्या कर्करोगाशी लढतात, स्वतःच्या पेशी तेवढ्या लढत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत हा हिशेब दिला आहे: पहिल्या वीस वर्षांत स्वतःचं नाळेतलं रक्त स्वतःला लागण्याची शक्यता 2,500 त एक ते 2 लाखांत एक. त्याच तत्त्वांत एक अपवाद लिहिलेला आहे. घरात मोठ्या मुलाला या पेशींनी बरा होण्याजोगा आजार असेल आणि आई पुन्हा गरोदर असेल, तर खासगी साठवण योग्य ठरते. तो अपवाद म्हणजे तुमचं घर.

आता तुमच्या मोठ्या मुलाकडे येऊ.

सिकलसेलचा दोष 11 व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असतो. आईवडील दोघे वाहक असले की दर गरोदरपणात चारात एक शक्यता मूल एसएस होण्याची, चारात दोन वाहक होण्याची आणि चारात एक पूर्ण निरोगी असण्याची. वाहक भावंडाच्या मूळ पेशीही चालतात, त्यामुळे रक्त उपयोगी ठरण्याची शक्यता चारात तीन. पण तेवढ्यानं भागत नाही. एचएलए जुळावं लागतं. एचएलए म्हणजे पेशींवरची ओळखीची खूण, आणि तिची जनुकं 6 व्या गुणसूत्रावर आहेत, सिकलसेलच्या जनुकापासून अगदी वेगळी. सख्ख्या भावंडाचं एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. दोन्ही एकत्र धरलं तर सोळात तीन, म्हणजे शंभरात साधारण 19. हा आकडा लहान वाटेल. पण आमच्याकडे सिकलसेल पूर्ण बरा करण्याचे रस्ते मोजके आहेत, आणि शंभरात 19 ही संधी मी कुणाला सोडायला सांगणार नाही. फक्त ती 19 आहे, शंभर नाही, हे समजून पैसे भरा.

जुळलं तर निकाल कसे असतात? 2013 साली युरोपातल्या आणि इतर ठिकाणच्या केंद्रांनी मिळून थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या 485 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. सगळ्यांना सख्ख्या, जुळणाऱ्या भावंडांच्या पेशी दिल्या होत्या, कुणाला मगजातल्या, 96 जणांना नाळेतल्या. सिकलसेलमध्ये सहा वर्षांनी आजारमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण मगजाच्या गटात 92 टक्के आणि नाळेच्या गटात 90 टक्के. नाळेच्या गटात एकालाही गंभीर स्वरूपाचा दीर्घकालीन जीव्हीएचडी झाला नाही. जीव्हीएचडी म्हणजे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर उलटणं. कातडी, आतडी, यकृत यांचे हाल करणारा हा त्रास ज्यांनी पाहिलाय त्यांना या एका ओळीची किंमत कळेल.

हे भावंडाचं झालं. परक्याच्या नाळेतल्या रक्ताचं सिकलसेलमध्ये काय झालं, तेही सांगायला हवं, कारण काही बँका आता 'आमच्या साठ्यातून दुसऱ्याचं रक्तही मिळेल' असं सांगतात. अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात आठ सिकलसेल मुलांना परक्या बाळाच्या नाळेतलं रक्त दिलं आणि पाच जणांच्या शरीरानं ते नाकारलं. तो गट तिथेच थांबवावा लागला. म्हणून सामुदायिक साठ्याची जाहिरात सिकलसेलच्या घरानं फारशी मनावर घेऊ नये.

पेशी किती आहेत हा प्रश्न जाहिरातीत कधीच नसतो, आणि आमच्यासाठी तोच पहिला असतो. नाळेच्या रक्तात दर मिलिलिटरला ढोबळमानानं एक कोटी केंद्रकयुक्त पेशी असतात. 80 मिलिलिटर मिळालं तर 80 कोटी. तुमचा मुलगा सहा वर्षांचा, सिकलसेलमुळे वजनानं थोडा मागे, धरू 18 किलो. म्हणजे किलोमागे साधारण साडेचार कोटी. रक्ताच्या कर्करोगात किलोमागे अडीच कोटी आम्ही किमान धरतो, सिकलसेलसारख्या आजारात साडेतीन कोटींच्या वर असलेलं बरं. तुमच्या मुलाला हे पुरतं, पण फार सैल नाही, कारण गोठवून वितळवताना काही पेशी मरतात. आता हीच पिशवी 60 किलोच्या तरुणाला दिली तर किलोमागे जेमतेम सव्वा कोटीच्या आसपास येतात. 'बाळ मोठं झाल्यावर कामी येईल' या वाक्याला हा भागाकार आडवा येतो. आणि 80 मिलिलिटर दरवेळी मिळतंच असंही नाही. 40 वर थांबलेल्या पिशव्या भरपूर असतात.

नाळेच्या पेशी रुजायलाही वेळ घेतात. पांढऱ्या पेशी वर यायला मगजाच्या तुलनेत काही दिवस उशीर होतो, प्लेटलेटना आणखी जास्त. तेवढे दिवस मूल बंद खोलीत, तोंडात फोड, ताप, अँटिबायोटिक. म्हणून अनेक केंद्रं दुसरा मार्ग धरतात: धाकटं भावंड दीड-दोन वर्षांचं झालं की भूल देऊन त्याच्या कमरेच्या हाडातून मगज घ्यायचा आणि साठवलेलं नाळेचं रक्त त्याच्या जोडीला द्यायचं. दोन्ही मिळून पेशी भरपूर होतात. याचा अर्थ असाही होतो की काही कारणानं नाळेचं रक्त घेता आलं नाही, तरी धाकटं भावंड घरात आहेच. त्याचं एचएलए जुळलं आणि ते एसएस नसलं तर त्याचा मगज पुढे घेता येतो. प्रतिनिधी 'ही संधी आयुष्यात एकदाच' म्हणतो तेव्हा हे आठवा. घाईघाईत सही करू नका.

जुळलंच नाही तर? आता आईच्या किंवा वडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशी वापरूनही प्रत्यारोपण होतं. पेशी दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड देऊन जीव्हीएचडी आवरायची ही पद्धत अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सनं रुजवली. रक्ताच्या कर्करोगात तिची आणि परक्या बाळाच्या दोन पिशव्यांची समोरासमोर तुलना झाली, तेव्हा दोन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण अर्ध्या जुळणाऱ्या नातेवाइकांच्या गटात 57 टक्के आणि नाळेच्या गटात 46 टक्के निघालं. नाळेच्या रक्ताची प्रत्यारोपणं गेल्या दशकात जगभर कमी झाली त्याचं मोठं कारण हेच. जनुक दुरुस्त करून रुग्णाच्याच पेशी परत द्यायचा कॅसजेव्ही हा उपचार 2023 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. त्यातही पेशी रुग्णाच्या आत्ताच्या रक्तातून घेतात, साठवलेल्या नाळेतून नाही. त्याची अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर, त्यामुळे आपल्याकडे तो तूर्त बातमीपुरताच.

आता प्रत्यक्ष रक्त कसं घेतात ते सांगतो, कारण तिथे तुम्हाला बोलायला लागणार आहे. बाळ बाहेर आलं, नाळेला चिमटे लागले, नाळ कापली. वारेकडच्या टोकाला नाळेची शीर जाड, निळी, ठसठशीत दिसते. तिथे अँटिसेप्टिक चोळून पिशवीला जोडलेली सुई शिरेत घालतात आणि पिशवी खाली धरतात. रक्त उतारानं येतं, खेचायचं नसतं. पिशवीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, ते मिसळावं म्हणून नर्स ती सारखी हलवत राहते. तीन-चार मिनिटांत शीर पांढरी, चपटी पडते. झालं. बाळाला टोचत नाहीत, आईलाही नाही. आईच्या हातातून काही नळ्या रक्त वेगळं घेतात, एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, सी, सिफिलिस आणि मलेरियाच्या तपासणीसाठी.

पुढचा प्रवास नागपूरकरांनी नीट समजून घ्यावा. बहुतेक बँकांच्या प्रयोगशाळा दुसऱ्या शहरात आहेत. पिशवी 48 तासांच्या आत, फार तर 72 तासांत प्रयोगशाळेत पोचून तिच्यावर काम झालं पाहिजे. तोवर ती खोलीच्या तापमानाला ठेवायची असते. पण मे महिन्यात नागपुरात खोलीचं तापमान म्हणजे काय, हे पुस्तक लिहिणाऱ्याला माहीत नसतं. प्रसूती कक्षाबाहेरच्या टेबलावर, कुलर बंद, कुरिअरवाला 'सकाळी येतो' म्हणून गेलेला आणि खोका तसाच, हे चित्र मी पाहिलेलं आहे. तुमची तारीख उन्हाळ्यात येत असेल तर खोक्यात तापमान नोंदवणारं यंत्र आहे का, ते विचारा, आणि पिशवी पोचल्यावर त्याची नोंद मागा. कुणी हौसेनं ती फ्रिजमध्ये टाकणार नाही, हेही नर्सताईंना आधीच सांगून ठेवा.

प्रयोगशाळेत लाल पेशी आणि प्लाझ्मा बाजूला काढून 20-25 मिलिलिटर उरवतात, डीएमएसओ हे संरक्षक रसायन घालतात, हळूहळू ठरावीक गतीनं गोठवतात आणि द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांपर्यंत नेऊन ठेवतात. असं ठेवलेलं रक्त 27 वर्षांनीही जिवंत आणि कामाचं निघाल्याचं अमेरिकेतल्या ब्रॉक्समायर यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं आहे. म्हणजे टिकण्याची शंका घेऊ नका. शंका घ्यायची तर आत काय गोठवलं याची घ्या. अहवालात केंद्रकयुक्त पेशींची संख्या, सीडी34 (म्हणजे मूळ) पेशींची संख्या, जिवंत पेशींचं प्रमाण, जंतुसंसर्ग नसल्याचा निकाल आणि शक्य तर पेशींची वसाहत करण्याची क्षमता, एवढं हवंच. नुसतं 'सॅम्पल यशस्वीरीत्या साठवले' असं सुंदर प्रमाणपत्र आम्हाला काही उपयोगाचं नाही. ते फ्रेम करून भिंतीवर लावणारी घरंही आहेत.

एक गोष्ट या सगळ्याच्या आधी येते. बाळ जन्मल्यावर नाळ लगेच बंद करू नये. निदान एक मिनिट, जमल्यास तीन, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्या वेळात वारेतलं 80 ते 100 मिलिलिटर रक्त बाळाच्या अंगात जातं आणि पहिल्या काही महिन्यांसाठी लोहाचा साठा होतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी 67 टक्के रक्तक्षयी निघाली, त्या देशात हे रक्त बाळाला न देता पिशवीत घेणं हा सौदा बहुतेक घरांसाठी तोट्याचा आहे. हे मी कुठल्याही जोडप्याला पहिल्यांदा सांगतो. तुमच्या बाबतीतही बाळाचं मिनिटभर चुकवू नका. पिशवीत कमी येईल, आलेलं घेऊ. मोठ्या मुलासाठी धाकट्याचं तोडायचं नाही, हे तुमच्या प्रसूतितज्ज्ञांशी आधीच बोलून ठरवा. आणि बाळ अडचणीत असेल तर त्या क्षणी पिशवी विसरायची, एवढंही ठरवा.

आता दिरांच्या मुलाकडे. इथे 'रीजनरेटिव्ह मेडिसिन', म्हणजे पेशी वापरून बिघडलेला अवयव दुरुस्त करणं, हा शब्द फार जोरात वापरला जातो, म्हणून थोडं थांबतो. नाळेच्या पेशी रक्त बनवतात, हे सिद्ध आहे. त्या मेंदूच्या पेशी होतात, हे सिद्ध नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तशी मोठी आशा होती, ती बरीचशी मावळली. आता संशोधकांचा अंदाज असा की या पेशी काही रसायनं सोडतात आणि त्यानं सूज कमी होते, जवळच्या पेशींना सावरायला मदत होते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. जोआन कर्ट्झबर्ग यांच्या पथकानं सेरेब्रल पाल्सीच्या 63 मुलांना त्यांचंच साठवलेलं रक्त किंवा नुसतं पाणीवजा औषध दिलं आणि 2017 मध्ये निकाल सांगितले. दोन गटांत ठरवलेल्या मुख्य मोजमापात फरक निघाला नाही. जास्त पेशी मिळालेल्या मुलांच्या हालचालीत थोडी जादा सुधारणा दिसली. नंतरच्या एकत्रित विश्लेषणातही माफक फायदा दिसतो, विशेषतः लहान वयात आणि सौम्य त्रास असलेल्या मुलांत. म्हणजे दार बंद झालेलं नाही. पण तिथे नाळेचं रक्त होतं, मोजलेला डोस होता, आणि पालकांकडून उपचाराचे पैसे मागितले नव्हते. ऑटिझममध्ये त्याच विद्यापीठानं 180 मुलांवर प्रयोग केला, 2020 मध्ये निकाल आला, मुख्य उद्दिष्ट साध्य झालं नाही. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीनं 2022 मध्ये ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचार करू नयेत असंच सांगितलं. लहान मुलांच्या मधुमेहात फ्लोरिडात स्वतःचं नाळेतलं रक्त देऊन पाहिलं, इन्सुलिन वाचलं नाही.

दिरांना सांगायचं ते एवढंच: आयसीएमआरच्या मते रक्ताच्या आजारांसाठीचं मूळ पेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं अजून संशोधन आहे. संशोधन असेल तर नैतिकता समितीची मंजुरी लागते, चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत लागते, आणि भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. त्या सेंटरला नोंद क्रमांक विचारा. क्रमांक दिला तर त्यात कोणता आजार, कोणत्या पेशी, किती वयाची मुलं हे वाचा. नोंद म्हणजे सरकारी शिफारस नव्हे. आणि पैसे मागितले तर उठून या. तेच पैसे मुलाच्या फिजिओथेरपीला, स्प्लिंटला, बोलण्याच्या थेरपीला लावा. घरात आजाऱ्याला बरं करू म्हणणारा माणूस आला की नाही म्हणणं किती जड जातं हे मला माहीत आहे, म्हणून जरा कडक लिहितोय.

सासूबाईंचे गुडघे. दक्षिण कोरियात 2012 पासून नाळेच्या रक्तातल्या पेशींपासून केलेलं, गुडघ्याच्या कूर्चेसाठी शस्त्रक्रियेनं बसवायचं उत्पादन मंजूर आहे. भारतात 2022 मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी एक स्टेम सेल उत्पादन मंजूर झालं, पण ते दात्यांच्या हाडांच्या मगजातल्या पेशींपासून बनतं. यातल्या एकाहीसाठी तुमच्या बाळाची पिशवी लागत नाही. सासूबाईंनी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं, वजन आणि मांडीचे व्यायाम यांचं बोलणं ऐकावं.

नाळेचा तुकडा, वार, दुधाचा दात वगैरे साठवण्याला आयसीएमआरच्या 2017 च्या तत्त्वांनी व्यापारी परवानगी दिलेलीच नाही. त्यासाठी वर पैसे मागत असतील तर तिथेच त्या माणसाची परीक्षा होते.

या सगळ्यात मला खरोखर उत्साह वाटतो तो वेगळ्याच गोष्टींचा. युरोपात पेशी कमी भरलेल्या दान पिशव्यांपासून प्लेटलेटचं जेल बनवून न भरणाऱ्या जखमांवर लावतात, नाळेच्या रक्ताच्या सीरमचे थेंब कोरड्या डोळ्यांसाठी वापरतात. टेक्सासच्या एमडी अँडरसन केंद्रात नाळेच्या रक्तातल्या एनके पेशींना (एक प्रकारच्या मारक पांढऱ्या पेशी) कर्करोग ओळखायला शिकवलं; 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या 11 रुग्णांपैकी आठ जणांत प्रतिसाद मिळाला. यातलं सगळं दान केलेल्या रक्तावर चाललंय, स्वतःच्या नावानं कुलूप लावलेल्या पिशव्यांवर नाही. आपल्याकडे सार्वजनिक दानाची व्यवस्था तोकडी आहे, त्याचं मला वाईट वाटतं.

आता तुम्ही काय करायचं ते.

या आठवड्यातच मोठ्या मुलाचं एचएलए करून घ्या, तुमचं दोघांचंही. मग प्रत्यारोपण करणाऱ्या रक्तविकारतज्ज्ञांना भेटा. नागपुरात होत नसेल तर मुंबई, वेल्लोर इथे कागद पाठवून मत मिळतं. विचारायचं एकच: आम्ही भावंडाचं नाळेचं रक्त आणलं तर तुमचं केंद्र ते वापरतं का, आणि कोणत्या बँकेचं स्वीकारता? 'वापरत नाही, आम्ही मगजच घेतो' असं उत्तर आलं तर साठवायची गरजच उरली नाही. हे बोलणं 65 हजार भरण्याआधी व्हायला हवं.

हो म्हणाले तर बँक निवडा. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतल्या कॉर्ड ब्लड बँकांच्या भागाखालचा चालू परवाना बघा, कागदावर, मोबाइलच्या फोटोत नाही. आयुष्यभराची योजना घेऊ नका. प्रक्रिया, गोठवण आणि एक वर्ष, एवढ्याचेच पैसे ठरवा. घरात आजारी मूल आहे हे सांगून शुल्क कमी होतं का तेही विचारा. बाळ जन्मलं की त्याच नाळेतल्या नमुन्यावर दोन तपासण्या: सिकलसेलसाठी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणारी तपासणी) आणि एचएलए. नवजात बाळात एचपीएलसीचा अर्थ लावणं किचकट असतं, गरज पडली तर जनुकाची तपासणी करून घ्या. बाळ एसएस निघालं किंवा एचएलए जुळलं नाही, तर पुढचे हप्ते थांबवा. जुळलं तर पेशींचा अहवाल घेऊन पुन्हा त्याच तज्ज्ञांकडे.

प्रत्यारोपणाचा खर्च लाखांत जातो आणि त्याआधीच्या केमोथेरपीमुळे पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, हे दोन्ही प्रश्न पहिल्याच भेटीत काढा. डॉक्टर आपणहून काढतीलच असं नाही. जरीपटक्यातल्या थॅलेसेमियाच्या घरांना कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून 10 लाखांपर्यंत मदत मिळालेली तुम्ही ऐकलं असेल, कोल इंडियाच्या वेकोलि या उपकंपनीचं मुख्यालय नागपुरातच असल्यानं तिची चर्चा इथे बरीच होते. ती 2017 मध्ये थॅलेसेमियासाठी सुरू झाली, पुढे अप्लास्टिक अॅनिमिया त्यात आला. सिकलसेलसाठी तुम्हाला मदतीचे दुसरे मार्ग शोधावे लागतील, त्यासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना आधी भेटा.

आणि प्रत्यारोपण होवो न होवो, मुलाचं हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अॅसिड चालू आहे ना? न्यूमोकोकलची लस झाली का? दोन ते सोळा वर्षांच्या एसएस मुलांची वर्षातून एकदा डोक्याची डॉपलर करायची असते, अर्धांगवायूचा धोका त्यात आधी कळतो. ही तपासणी आपल्याकडे फार राहून जाते. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही, म्हणून विचारतोय. झाली नसेल तर एचएलएचं रक्त द्यायला जाल त्याच दिवशी तीही करून घ्या.